दोन चौकोन

हॉलच्या भिंतीवर दोन चौकोन काढून
जियालाल जेवायला गेलाय.
डावीकडच्याचं शेडकार्डावरचं नाव वाळूबिळूचं, परदेशी.
मी त्याला म्हणते
चहात बुडवून वेळेत बाहेर काढलेलं बिस्किट.
उजवीकडचा निळा.
निळ्याला मी अजून काही म्हटलेलं नाही.

सकाळी साडेनऊला
समोरच्या टॉवरच्या काचेवर आपटून ऊन आमच्याकडे येतं.
सेकंडहँड, पण येतं.
तेव्हा बिस्किट फुलतं, भिंत जवळ सरकते,
आणि निळा आजारी दिसतो,
आमच्या वॉर्डातल्या कमरेएवढ्या पट्ट्यासारखा.
दुपारी चारला उलट.
चेंबूरचं चारचं ऊन थेट आत घुसतं, बिस्किट घामेजतं,
आणि निळ्याकडे पाहिलं
की माठाला गाल लावल्यासारखं होतं.
रात्री ट्यूबखाली दोघंही खोटं बोलतात.

विश्वजित म्हणतो, न्यूट्रल घे.
न्यूट्रल कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.
उद्या विकायचं झालं तर ब्रोकर हेच सांगेल.
अकरा वर्षं ट्रान्झिटमध्ये काढून परवा ताबा मिळाला,
आणि हा माणूस उद्या विकतोय.

म्हटलं, मला निळा आवडतो.
म्हणाला, मलाही.
मग पंखा नसलेल्या हुकाकडे बराच वेळ बघत राहिला.
लोक आडनाव विचारायच्या आधी भिंत बघतील,
असं तो म्हणाला नाही.
म्हणाला, सोफा मॅच होणार नाही.
सोफा आम्ही अजून घेतलेला नाही.

माझे बाबा वर्कशॉपमध्ये बसगाड्या रंगवायचे.
तीस वर्षं लाल.
रिटायर झाल्यावरही कानामागे एखादा ठिपका सापडायचा.
घरी मात्र दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात
चुन्याच्या बादलीत निळीची पुडी सोडायचे
आणि आम्हा तिघी बहिणींना ढवळायला बसवायचे.
कमी ढवळलं की भिंतीवर ढग उमटायचे.
असू दे, म्हणायचे,
आभाळ काय एकसारखं असतं?

टेकलं की पाठ निळी.
शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर घराचा शिक्का.
पाटणकरबाईंनी एकदा तो बोटाने झटकला,
आणि मग ते बोट रुमालाला पुसलं.
बाईंच्या घराचा रंग मला माहीत नाही.
माझा अंदाज, बिस्किट.

पण खरं सांगू? तेही मला आवडतंय,
हीच पंचाईत आहे.
साडेनऊला ते इतकं मवाळ दिसतं,
कुणाशी भांडण नसलेलं,
आणि मलाही कधीतरी, सुट्टीच्या सोमवारी वगैरे,
कुणाशी भांडण नसलेल्या खोलीत बसून
नुसत्या मटारच्या शेंगा सोलायच्या आहेत.

तिष्या क्लासवरून आली, बॅगही न उतरवता म्हणाली,
दोन्ही बोअर. जांभळा नाही का?

जियालाल तंबाखू मळत परतला.
मॅडम, फायनल? अंधेरीत सगळे हाच घेतात,
म्हणत त्याने बिस्किटाकडे हनुवटी केली.
तुमच्या घरी कोणता?
हसला. आमच्याकडे? डब्यात उरतो तो.
एक भिंत हिरवी, एक गुलाबी,
दार कुलाब्याच्या कुठल्याशा शेठचं.

शिफ्ट संपवून तशीच आले होते,
अंगात पांढरा गणवेश.
निळ्या चौकोनाला पाठ लावून उभी राहिले,
नीट, खांदे टेकवून,
मग वळून विश्वजितला म्हटलं, बघ रे.
त्याने बघितलं. बोटही फिरवलं.
काही नाही लागलं, म्हणाला, कोरी आहे.

कोरी.
प्लास्टिक पेंट आहे मॅडम, जियालाल म्हणाला,
पंधरा वर्षं जाणार नाही, पुसला तरी.

मी परत टेकले.
विश्वजितही शेजारी येऊन टेकला, काही न बोलता,
त्याचा अर्धा खांदा चौकोनाच्या बाहेर.

जियालालने डबा उघडला, काठी घेतली.
मी म्हटलं, फार ढवळू नका.